टेस्ला कॉइलची ठिणगी आखूड का पडते?

महिना-दीड महिना खपून कॉइल उभी राहते. सेकंडरीचे हजार वेढे हाताने गुंडाळलेले असतात, तांब्याचा पाइप वाकवून खालची चकली, म्हणजे प्रायमरी, तयार झालेली असते, वर ॲल्युमिनियमचं चकचकीत कडं बसवलेलं असतं. खोलीत अंधार करून बटण दाबावं, तर कड्यातून बोटभर लांबीची, केसासारखी जांभळट ठिणगी निघते आणि तिथेच विरते. खाली स्पार्क गॅप मात्र कानठळ्या बसतील इतका तडतडत असतो.

विज्ञान प्रदर्शनासाठी कॉइल बनवणाऱ्या मुलांसोबत मी बरेचदा बसतो. या क्षणी जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य येतं : ट्रान्सफॉर्मर लहान पडतोय, मोठा आणू या. माझा अनुभव उलटा आहे. ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा पुरेशी ऊर्जा देत असतो, ती वाटेत कुठेतरी सांडते. गळक्या बादलीखाली मोठा नळ लावून बादली भरत नाही. आधी गळती कुठे आहे ते शोधावं, आणि तेही क्रमाने. एका वेळी एकच बदल करायचा, तो लिहून ठेवायचा आणि मगच पुढे जायचं.

हा लेख मुख्यतः स्पार्क गॅपवर चालणाऱ्या पारंपरिक कॉइलबद्दल आहे. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या छोट्या कॉइलबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

हात लावण्याआधी

निऑन बोर्डाच्या ट्रान्सफॉर्मरवर '१० हजार व्होल्ट, ३० मिलिअँपिअर' असं लिहिलेलं असतं. ३० मिलिअँपिअर हा आकडा किरकोळ वाटतो. पण घरातला आरसीसीबी नेमका ३० मिलिअँपिअर गळतीला तुटेल असाच बनवलेला असतो, कारण त्याहून जास्त करंट छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. शिवाय हा आरसीसीबी तुम्हाला इथे वाचवू शकत नाही. तो ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची गळती पाहतो, पलीकडे काय चाललंय हे त्याला कळत नाही.

'टेस्ला कॉइलचा करंट कातडीवरूनच जातो, म्हणून ठिणगी हातावर घेता येते' हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. ते खोटं आहे. इतक्या वारंवारतेला मज्जातंतू दाद देत नाहीत म्हणून झटका जाणवत नाही, एवढंच. करंट शरीराच्या आत शिरतो आणि आतून भाजतो. खालच्या प्रायमरीवर तर थेट ५० हर्ट्झचा उच्च दाब असतो.

म्हणून नियम साधा आहे. काहीही हलवायचं असेल तर बटण बंद करण्यावर थांबू नका, प्लग भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवा. मग लांब प्लॅस्टिकच्या दांडीला बांधलेल्या रोधातून कपॅसिटरची दोन टोकं जोडून तो रिकामा करा. कॉइल एकट्याने कधीच लावू नका, दुसऱ्या माणसाचा हात मेन स्विचवर असला पाहिजे. पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत येऊ देऊ नका. आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून कॉइल चालवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. त्याच्यामागे अर्धा अँपिअर करंट असतो, आणि त्याच्या बाबतीत चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही.

आत नेमकं काय घडतं

ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो. दाब पुरेसा चढला की स्पार्क गॅपमधली हवा फुटते आणि तिथे क्षणभर बंद स्विचासारखी वाट तयार होते. कपॅसिटरमधली ऊर्जा प्रायमरीत धावते आणि पुन्हा कपॅसिटरमध्ये येते. हा झोका सेकंदाला लाखो वेळा हलतो. शेजारच्या सेकंडरीचाही स्वतःचा असाच झोका आहे, तिच्या वेढ्यांमुळे आणि वरच्या कड्यामुळे ठरलेला. दोन्हींची लय जुळली की तीन-चार हेलकाव्यांत सगळी ऊर्जा प्रायमरीतून सेकंडरीत जाते. लय जुळली नाही तर ती प्रायमरीतच फिरत राहते आणि गॅपमध्ये उष्णता होऊन संपते.

इथे एक समज पुसून टाकायला हवा. साध्या ट्रान्सफॉर्मरसारखा वेढ्यांच्या प्रमाणात दाब वाढतो, असं टेस्ला कॉइलमध्ये होत नाही. वरचा दाब ठरतो तो दोन कपॅसिटन्सच्या गुणोत्तरावरून, आणि तोही त्या गुणोत्तराच्या वर्गमुळाच्या पटीत. म्हणून सेकंडरीवर आणखी ५०० वेढे चढवून ठिणगी लांबवायचा प्रयत्न बहुधा वाया जातो. तसंच सेकंडरीच्या तारेची लांबी तरंगलांबीच्या बरोबर चौथा हिस्सा असावी, ही जुनी समजूतही कॉइलला लागू पडत नाही. वेटोळ्याची वारंवारता त्याच्या इंडक्टन्स-कपॅसिटन्सवरून काढावी लागते.

एक नमुना कॉइल

आकडे हातात असले की दोष शोधणं सोपं जातं, म्हणून एक खरीखुरी मांडणी घेऊ. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप, त्यावर २५ गेजची वाइंडिंग वायर, १००० वेढे, इनॅमल धरून उंची साधारण ५५ सेंटीमीटर. तारेची लांबी साडेतीनशे मीटरच्या आसपास होते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लोहार चाळीत वाइंडिंग वायर वजनावर मिळते, ती सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास लागते. तुटण्या-फुटण्यासाठी पाऊण किलो घ्या.

या सेकंडरीचं इंडक्टन्स सुमारे २० मिलिहेन्री. तिचं स्वतःचं कपॅसिटन्स आणि १० बाय ३३ सेंटीमीटरच्या कड्याचं मिळून २२ पिकोफॅरड धरू. वारंवारता येते २४० किलोहर्ट्झ. प्रायमरीला १५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला तर ही लय जुळवायला सुमारे २९ मायक्रोहेन्री लागतात. एसीवाल्यांकडचा पाव इंची तांब्याचा पाइप, आतला व्यास १६ सेंटीमीटर आणि एका वेढ्यापासून दुसऱ्या वेढ्यापर्यंत सव्वा सेंटीमीटर ठेवून सपाट चकलीसारखा गुंडाळला, तर साडेनऊव्या वेढ्याच्या आसपास हा आकडा मिळतो. चकली मात्र १३ वेढ्यांची करा. १५ मीटरच्या गुंडाळीत ती बसते. जास्तीचे वेढे का, ते पुढे येईल.

ट्रान्सफॉर्मर धडधाकट आहे ना?

ट्रान्सफॉर्मर बदलायचा नाही, पण तपासायचा नक्की. निऑनच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरची उच्च दाबाची गुंडाळी दोन सारख्या अर्ध्या भागांत असते आणि मधलं टोक पेटीला जोडलेलं असतं. प्लग काढून मल्टिमीटरने प्रत्येक उच्च दाबाच्या टोकापासून पेटीपर्यंतचा रोध मोजा. दोन्हीकडे काही किलोओहम आणि जवळपास सारखाच आकडा यायला हवा. एका बाजूला मीटर काहीच दाखवत नसेल तर अर्धा ट्रान्सफॉर्मर जळालेला आहे. तो अजून गॅप पेटवेल, आवाजही करेल, पण अर्ध्याच दाबावर. जुन्या दुकानांच्या पाट्यांतून निघालेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा दोष असू शकतो, म्हणून विकत घेतानाच मीटर सोबत न्या.

हातात घेतल्यावर हलका लागणारा नवा इलेक्ट्रॉनिक निऑन पुरवठा या कामाचा नाही. त्याचा दाब आधीच उच्च वारंवारतेचा असतो आणि संरक्षक सर्किट त्याला मध्येच बंद पाडतं.

डिमरस्टॅट वापरत असाल तर त्याच्या पुढे, प्रत्यक्ष ट्रान्सफॉर्मरच्या इनपुटला किती व्होल्ट पोचतात तेही पाहा. बारीक तारेच्या लांब एक्स्टेंशनवर दाब पडलेला असतो.

स्पार्क गॅप : पहिला संशय इथेच घ्या

कमजोर ठिणगीची कॉइल कोणी दाखवली की मी आधी डोळे मिटून आवाज ऐकतो. चांगल्या गॅपचा आवाज कोरडा, टोकदार, चाबूक ओढल्यासारखा असतो. आजारी गॅप गुणगुणतो, त्यात ५० हर्ट्झची घरघर मिसळलेली असते. पांढऱ्या-निळ्या तडतडीऐवजी तिथे पिवळट, ज्योतीसारखी लवचिक कमान दिसत असेल तर कपॅसिटर धड भरतच नाही. ट्रान्सफॉर्मरचा करंट त्या कमानीतून सरळ वाहून जातो. (गॅपकडे उघड्या डोळ्यांनी टक लावून पाहू नका. त्यातून अतिनील किरण निघतात. खिडकीही उघडी ठेवा, कारण ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं साचतात.)

गॅपचे दोष तीन प्रकारचे. पहिला, फट फार लहान. कपॅसिटरमधली ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गॅप निम्म्या दाबालाच फुटत असेल तर प्रत्येक धमाक्यात निम्मी नव्हे, चौथाईच ऊर्जा मिळते. आपल्या नमुना कॉइलमध्ये १० हजार व्होल्ट म्हणजे शिखराला १४ हजार. १५ नॅनोफॅरड पूर्ण भरला तर दीड जूल होतात. सात हजारांवर गॅप फुटला तर जेमतेम ०.३७ जूल. ठिणगी बोटभर राहण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे.

दुसरा दोष उलटा, फट फार मोठी. मग गॅप अधूनमधून फुटतो, मध्ये शांत राहतो, आणि त्या शांततेत कपॅसिटर व ट्रान्सफॉर्मरवर भलताच दाब चढत जातो. ठिणगी लांब पडते म्हणून फट वाढवत नेऊन ट्रान्सफॉर्मर घालवणारे खूप आहेत.

फट लावायची रीत अशी : प्रायमरी आणि कपॅसिटर पूर्ण सोडवा. ट्रान्सफॉर्मरला फक्त गॅप जोडा. प्लग काढून फट थोडी वाढवा, लांब होऊन प्लग लावा, पाहा, पुन्हा काढा. पूर्ण दाबाला गॅप फुटेनासा होईल तिथून फट किंचित कमी करा आणि तीच कायम करा. १० हजार व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला गोल पाइपांच्या सगळ्या फटींची बेरीज चार-पाच मिलिमीटरच्या आसपास येते.

तिसरा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो : गॅप वेळेवर विझत नाही. ऊर्जा सेकंडरीत गेली की ही वाट बंद पडली पाहिजे. नमुना कॉइलमध्ये या सगळ्याला १५ मायक्रोसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. गॅप पेटलेलाच राहिला तर सेकंडरीत गेलेली ऊर्जा त्याच वाटेने परत येते आणि गॅपमध्येच जळते. दोन खिळे समोरासमोर ठेवून केलेल्या गॅपमध्ये हेच होतं. खिळ्यांची टोकं लाल होतात आणि तापलेल्या धातूजवळची हवा विझायला तयार नसते.

यावर उपाय म्हणजे एका मोठ्या फटीऐवजी पाच-सहा छोट्या फटी ओळीने. तांब्याच्या पाइपाचे बोटभर लांबीचे तुकडे एकमेकांशेजारी समांतर उभे करायचे, प्रत्येक दोघांत पाऊण-एक मिलिमीटर. उष्णता सहा-सात तुकड्यांत वाटली जाते. वरून जोराचा वारा हवा. कॉम्प्युटरचा छोटा पंखा हा केवळ दिलासा आहे, जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरचा झोत खरा फरक पाडतो. एका प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आम्ही असाच एक गॅप उघडला. पाइपाच्या तुकड्यांच्या समोरासमोरच्या कडांवर काळपट ऑक्साइडची पुटकुळी आलेली, एका फटीत तर तांब्याचा वितळलेला मणी पूल बांधून बसलेला. बारीक पॉलिश पेपरने कडा घासल्या, फटी फीलर गेजने सारख्या केल्या, मोटर लावली. बाकी कशालाही हात लावला नव्हता. वीतभर ठिणगी हातभर झाली.

जोडणीचाही एक मुद्दा. गॅप ट्रान्सफॉर्मरच्या दोन टोकांना समांतर असावा, आणि कपॅसिटर प्रायमरीच्या ओळीत. उलट केलं तरी कॉइल चालते, पण मग उच्च वारंवारतेचे धक्के थेट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवर बसतात.

कपॅसिटर : इथे काटकसर नको

गॅप फुटतो त्या क्षणी नमुना कॉइलच्या प्रायमरीत ३०० अँपिअरच्या वर करंट उसळतो. तोही सेकंदाला २ लाख ४० हजार हेलकाव्यांनी. सामान्य कपॅसिटर यासाठी बनवलेला नसतो. पॉलिस्टरचे कपॅसिटर ऊर्जा स्वतःतच खातात. मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांचा कपॅसिटर शिकण्यापुरता उत्तम, पण त्यातही बरीच ऊर्जा गरम होण्यात जाते.

ओळखायची खूण सोपी. मिनिटभर कॉइल चालवा, प्लग काढा, कपॅसिटर रिकामा करा आणि हाताने चाचपा. कोमट लागला तर ठिणगीची ऊर्जा तिथे चालली आहे.

योग्य माल म्हणजे पल्ससाठी बनवलेले पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर. ०.१५ मायक्रोफॅरड, २००० व्होल्टचे दहा नग ओळीत जोडले की बरोबर १५ नॅनोफॅरड आणि २० हजार व्होल्ट होतात. प्रत्येकावर १० मेगाओहमचा रोध लावा, म्हणजे बंद केल्यावर ते आपोआप रिकामे होतात. दांडीने रिकामं करायची सवय तरीही सोडायची नाही. ओळीतला एक नग आतून शॉर्ट झाला तर एकूण कपॅसिटन्स बदलतं आणि ट्यूनिंग सरकतं, म्हणून अचानक ठिणगी घटली की प्रत्येक नग वेगळा मोजावा.

३०० अँपिअरचा विचार करता जोडही तितकेच महत्त्वाचे. मगरचिमट्याने प्रायमरीच्या वेढ्यावर जोड, म्हणजे टॅप, घेणं चाचणीपुरतं ठीक. पक्कं काम नटबोल्टच्या क्लँपने करा आणि तांबं आधी चकचकीत घासून घ्या.

ट्यूनिंग

कॉइलच्या ठिणगीत सर्वांत मोठा फरक इथे पडतो, आणि तो फुकट पडतो.

प्रायमरीच्या कितव्या वेढ्यावर जोड घ्यायचा हे गणिताने काढता येतं. इंटरनेटवर जावाटीसी नावाचं मोफत गणकयंत्र आहे, मापं भरली की ते जागा सांगतं. पण ते सांगतं ती सुरुवातीची जागा. नमुना कॉइलमध्ये एक वेढा पुढे-मागे झाला की वारंवारता जवळपास १० टक्क्यांनी सरकते, इतक्या चुकीने ठिणगी सहज निम्मी होते. म्हणून पाव-पाव वेढ्याने सरकायचं.

पद्धत : कड्याला एक टोकदार तार बाहेरच्या दिशेने चिकटवा, म्हणजे ठिणगी दर वेळी तिथूनच निघेल. तिच्यासमोर अर्थ केलेली दांडी उभी करा, अर्थात लाकडी स्टँडवर, हातात धरून नव्हे. टॅप एका जागी लावा, चालवा, ठिणगी दांडीपर्यंत किती सेंटीमीटरवरून पोचते ते पाहा. बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर रिकामा. टॅप पाव वेढा बाहेर. पुन्हा मोजा. लांबी वाढत असेल तर त्याच दिशेने, घटली तर उलट. दहा-बारा मोजमापांत शिखर सापडतं.

आता ते जास्तीचे वेढे. ठिणगी ही स्वतः हवेत पसरलेली वाहक फांदी असते. ती लांबली की वरच्या बाजूचं कपॅसिटन्स वाढतं आणि सेकंडरीची वारंवारता खाली येते. म्हणजे ठिणगी नसताना अचूक लावलेली कॉइल ठिणगी पडताना बेसूर होते. फंक्शन जनरेटर आणि एलईडी वापरून शांतपणे ट्यून केलेली कॉइल प्रत्यक्षात कमी पडते ती यामुळे. उपाय म्हणजे प्रायमरी किंचित खालच्या सुराला ठेवायची : गणिताच्या जागेपेक्षा टॅप थोडा बाहेर, अर्धा वेढा किंवा त्याहून अधिक. वेढेच शिल्लक नसतील तर हे करता येत नाही. नऊ वेढ्यांची प्रायमरी करून 'आता शेवटच्या टोकालाच सर्वांत लांब ठिणगी येते' म्हणणारा माणूस शिखराच्या अलीकडेच अडकलेला असतो.

तंबोरा लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खुंटीने तार जवळ आणली तरी शेवटचा सूर मणी सरकवून, वाजवत वाजवतच लागतो.

प्रत्येक बदल वहीत लिहा : टॅप कुठे, फट किती, डिमरस्टॅटवर किती व्होल्ट, ठिणगी किती. खुद्द निकोला टेस्ला १८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथल्या प्रयोगशाळेत रोजच्या रोज टिपणं ठेवत होते. ती वही पुढे १९७८ मध्ये बेलग्रेडहून छापून प्रसिद्ध झाली.

सेकंडरीतले लपलेले दोष

एकच वेढा शेजारच्या वेढ्याशी शॉर्ट झाला तरी सेकंडरीचा झोका मंदावतो. गुंडाळताना तार एकमेकींवर चढली असेल, मध्ये गाठ मारून जोड दिला असेल किंवा इनॅमल खरचटलं असेल तर ती जागा शोधा. अंधारात चालवून पाहिलं की अशा जागी बारीक निळे ठिपके चमकतात. मल्टिमीटरने तार तुटलेली नाही हे कळतं, एखादा वेढा शॉर्ट असल्याचं मात्र कळत नाही.

तारेचं टोक पाइपाला भोक पाडून आतून खाली आणू नका. वरचा पूर्ण दाब पाइपाच्या आतून खाली उडी मारतो, बाहेर काहीच दिसत नाही आणि आत काळी रेघ उमटत जाते. पाइप दोन्हीकडून प्लॅस्टिकच्या चकतीने बंद करा.

पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली कॉइल जूनमध्ये अचानक रुसली तर दोष ओलीचा आहे. कोकणात आणि मुंबईत तर पीव्हीसीवरही धूळ आणि दमट हवा मिळून गळतीची वाट तयार होते. गुंडाळण्याआधी पाइप पुसून, वाळवून त्यावर वॉर्निशचा हात द्या आणि गुंडाळल्यावर आणखी तीन-चार.

कपलिंग : किती जवळ, किती दूर

प्रायमरी आणि सेकंडरी किती घट्ट जोडलेल्या आहेत याला कपलिंग म्हणतात. स्पार्क गॅपच्या कॉइलमध्ये ते ०.१ ते ०.२ च्या दरम्यान असावं. सेकंडरी फार उंच ठेवली तर ऊर्जा हळू सरकते आणि गॅपमध्ये वाया जाते. फार खाली बसवली तर सेकंडरीच्या अंगावरून वर-खाली ठिणग्या धावतात आणि इनॅमल जळतं. सेकंडरीखाली लाकडी चकत्या ठेवून एक-एक सेंटीमीटर खाली आणा. अंगावर ठिणगी धावू लागली की एक चकती परत घाला.

प्रायमरीच्या वर संरक्षक कडं लावलं असेल तर ते पूर्ण गोल बंद नाही ना, तेही पाहा. बंद कडं हा एक शॉर्ट झालेला वेढाच आहे. त्यात बोटभर फट हवी. प्रायमरीखालची लोखंडी जाळी, पत्रा, टेबलाची धातूची चौकट यांचंही तेच.

वरचं कडं

मेदूवड्याच्या आकाराचं हे कडं शोभेसाठी नसतं. त्याचा गुळगुळीत गोलावा दाब पुरेसा चढेपर्यंत हवेला फुटू देत नाही. कडं लहान किंवा सुरकुतलेलं असेल तर चहूबाजूंनी केसासारख्या असंख्य आखूड ठिणग्या निघतात आणि एकही लांब होत नाही. कडं फार मोठं असेल तर काहीच निघत नाही. तेव्हा एक टोकदार तार लावली की काम होतं.

स्वयंपाकघराच्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा वळणारा पाइप गोल करून चांगलं कडं बनतं. त्याच्या घड्या चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा, सांध्यावर ॲल्युमिनियमची टेप लावा, आणि सेकंडरीचं वरचं टोक त्याला खरोखर जोडलेलं आहे हे मीटरने पाहा. कडं बदललं की ट्यूनिंग पुन्हा करायचं.

अर्थिंग

सेकंडरीच्या खालच्या टोकाला जमीन हवी. ती मिळाली नाही तर कॉइल ढकलायला आधारच उरत नाही. ठिणग्या खालच्या टोकातून, टेबलाकडे, प्रायमरीकडे जाताना दिसल्या की अर्थिंग अपुरं आहे असं समजा.

हे टोक घराच्या अर्थिंगला जोडू नका. उच्च वारंवारतेचा तो दाब घरभर फिरतो, शेजाऱ्यांच्या टीव्ही-राउटरपर्यंत जातो. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला घराचं अर्थिंग हवंच, सेकंडरीला मात्र वेगळं. अंगणात तांब्याची किंवा जीआयची दांडी ओल्या मातीत मीटर-दीड मीटर ठोका आणि तिथवर जाड, रुंद पट्टी सर्वांत जवळच्या वाटेने न्या. विटांच्या चुऱ्यात कोरडी पडलेली दांडी कामाची नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कॉइलखाली दोन-तीन चौरस मीटरची तारेची जाळी अंथरून सेकंडरीचं टोक तिला जोडावं. ही जाळी प्रायमरीपासून दूर, जमिनीलगत असू द्या.

ट्रान्झिस्टरची छोटी कॉइल

शाळेतली बरीच मुलं एक ट्रान्झिस्टर, एक रोध आणि एक एलईडी वापरून जी कॉइल करतात, तिचं गणित वेगळं. तिच्यातून ठिणगी काही मिलिमीटरचीच निघते, आणि तेवढी निघाली तरी ती बरोबर चालली आहे. सीएफएल जवळ नेल्यावर तो तारेशिवाय उजळला की काम झालं. अजिबात चालत नसेल तर प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करून पाहा, निम्मे दोष तिथेच मिटतात. ९ व्होल्टचा चौकोनी सेल पुरेसा करंट देत नाही. १२ व्होल्ट, एक-दोन अँपिअरचा अडॅप्टर घ्या आणि ट्रान्झिस्टरला हीटसिंक लावा.

किती लांब म्हणजे पुरेशी?

कॉइल बनवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा रूढ आहे : वॅटचं वर्गमूळ काढा, त्याला १.७ ने गुणा, उत्तर इंचांत. आपल्या १० हजार व्होल्ट, ३० मिलिअँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरचे ३०० वॅट. त्यावरून २९ इंच, म्हणजे ७५ सेंटीमीटरच्या जवळ. हा अगदी नेटक्या, अनुभवी हातांनी जुळवलेल्या कॉइलचा आकडा आहे. पहिल्याच कॉइलला याच्या निम्मी ठिणगी मिळाली तरी ती चांगली बनली आहे. १० सेंटीमीटरवर अडलेली असेल तर दोष हमखास आहे, आणि बहुतेक वेळा तो गॅपमध्ये किंवा टॅपच्या जागेत सापडतो. ठिणगी ५० सेंटीमीटरपर्यंत पोचली की मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा विचार करायला हरकत नाही.